पाचव्या ब्राऊनची माणिकबाई

माणिकबाईनं जन्मात कधी गोल्फचा फटका मारला नाही. पण अमरावतीच्या कॅम्पातल्या क्लबात कोण कसा खेळतो, हे तिच्याइतकं सेक्रेटरी साहेबालाही ठाऊक नव्हतं. आणि हे ठाऊक असल्यापायीच त्या खेळाबद्दल नि खेळणाऱ्यांबद्दल तिच्या मनात जे साचलं होतं, त्याला शिकल्यासवरल्या घरात तुच्छता म्हणतात. ती स्वतः त्याला काहीच म्हणत नसे. नाकाचा शेंडा तेवढा जरासा वर जाई आणि हातातला झाडू पुढे चाले.

सन पस्तीसच्या सुमाराची ही गोष्ट. क्लबाचं मैदान म्हणजे मुरमाड माळ. पावसाळ्यात चार महिने गवत, पुढे नुसती धूळ. विलायतेत म्हणे प्रत्येक भोकाभोवती गालिच्यासारखी हिरवळ असते. वऱ्हाडाच्या उन्हात ती कुठून टिकणार? म्हणून इथे भोकाभोवती बारीक वाळूत इंजिनाचं जळकं तेल कालवून पंधरा पावलांचा गोल चोपून बसवलेला असे. रंगानं तपकिरी, म्हणून त्याला ब्राऊन म्हणायचं. अशी नऊ भोकं आणि नऊ ब्राऊन. रोज सकाळी ते झाडून, वरून गोणपाट ओढून आरशासारखे करायचे, हे माळ्याचं काम; म्हणजे शेषरावचं आणि त्याच्या बायकोचं, माणिकबाईचं. त्याबदल्यात पाचव्या ब्राऊनला लागून असलेली विहीर आणि तिच्याखालचा दीड एकराचा तुकडा त्यांनी करून खावा, असं एका जुन्या सेक्रेटरीनं सतरा वर्षांपूर्वी घोड्यावर बसल्या बसल्या सांगितलं होतं. तो साहेब केव्हाच बोटीत बसून गेला. कागद नव्हताच. पण त्या तुकड्यात वांगी होती, भेदरं म्हणजे टमाटे होते, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पत्ताकोबी होती, आणि बांधाला शेवंती. माणिकबाईच्या दोन पोरींची लग्नं त्याच मातीनं लावली होती.

खेळणारी प्रत्येक टोळी आधीच्यांच्या खुणा पुसून मग ब्राऊनवर खेळे. शेवटच्या टोळीच्या खुणा मात्र रात्रभर तशाच राहत. सकाळी माणिकबाई झाडू घेऊन उभी राही तेव्हा वाळू तिला सगळं सांगून मोकळी होई: जोडे कुणाचे, चेंडू कुठून निघाला, कुठे गेला, माणूस किती वेळा वाकला, कुठे चिडून पाय आपटला. झाडायच्या आधी ती क्षणभर हे वाचून घेई. सतरा वर्षांचा अभ्यास होता तो, बी.ए.ला चारच वर्षं लागतात.

शेवटच्या टोळीत बहुधा खुशालराव असत.

खुशालराव मूर्तिजापूरकडचे, दोनशे एकर काळ्या जमिनीचे धनी. नागपूरला कॉलेजात जाऊन आलेले, ऑनररी मॅजिस्ट्रेट, आणि क्लबानं ज्या तीन देशी माणसांना आत घेतलं त्यांतले पहिले. त्यांच्या वडलांनी तिफण धरली की पेरणीची ओळ अशी सरळ जाई, जशी दोरी ताणून आखावी. लेकाचा चेंडू मात्र कधी सरळ गेला नाही. उंची टोपी, गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे, पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर, वऱ्हाडातल्या ऑक्टोबरात. चेंडूसमोर उभे राहिले की चार वेळा ढुंगण हलवायचे, पाचव्या वेळी डोळे मिटून असा हाणायचे की जणू चेंडूनं खंडात सूट मागितली आहे. बोलायचे शुद्ध, पुस्तकी. पण चेंडू वाकडा गेला की जिभेवरचा कॉलेजचा थर उडे आणि आतून मूर्तिजापूर बाहेर पडे: "आता हा तिकडं काहून गेला बे?"

त्यांचा हँडिकॅप चोवीस होता. हे काय प्रकरण आहे ते माणिकबाईला क्लबाच्या बटलरनं एकदा समजावून सांगितलं होतं. जो जितका कच्चा, त्याला तितके फटके माफ. चोवीस हँडिकॅप म्हणजे चोवीस फटके मोजायचेच नाहीत. आकडा जितका खाली, तितकी इज्जत वर.

"म्हंजे पोरांच्या खेळात कच्चं लिंबू रायते, तसं," माणिकबाई म्हणाली.

"तसंच," बटलर म्हणाला, "फक्त हे लिंबू मोटारीतून येते."

त्या वर्षी पावसाळा सरला तसे खुशालरावांनी आकडा खाली आणायचं मनावर घेतलं. नाताळात अकोल्याच्या क्लबाशी सामना असे, आणि आदल्या वर्षी अकोल्याला शेवटच्या ब्राऊनवर त्यांनी सगळ्यांच्या देखत चार पावलांवरून पाच फटके घेतले होते. तिथल्या एका सरकी-कापसाच्या व्यापाऱ्यानं चहाच्या टेबलावर विचारलं होतं, "रावसाहेब, भोकात काही दिसलं का हो आत? नाग-बिग?" ते लागलं होतं. त्यांनी विलायतेहून पुस्तक मागवलं. पुस्तकात काय काय होतं कोण जाणे. त्यांनी एवढंच उचललं की रोज दोनशे चेंडू मारले पाहिजेत. पाचव्या ब्राऊनच्या कडेला उभं राहून, सगळ्यांत मोठी काठी घेऊन, मळ्याकडे तोंड करून ते रोज सकाळी दोनशे चेंडू मारू लागले.

चेंडू वांग्यांत पडत. पत्ताकोबीत पडत. एक भेदऱ्याच्या घोसात अडकून राहिला, तो माणिकबाईनं भेदऱ्यांबरोबरच तोडला. रोज टोपली भरून ती परत करी, आणि गोळा करता करता बघे. पहिले पन्नास बरे येत. पुढचे पन्नास उजवीकडे पत्ताकोबीकडे वळत. शेवटचे शंभर नुसतेच कुठेतरी. माणूस घामानं थबथबलेला, आणि तरी मारतोच आहे, कारण दोनशे व्हायचे आहेत. एकाही चेंडूला कुठे जायचं ते सांगितलेलं नाही.

"हा मानूस चूक पाठ करून राह्यला," ती घरी शेषरावला म्हणाली. "थकला बैल वाकडं तास घालते, न् दुसऱ्या दिवशी ताजा असला तरी त्याच तासात चालते. तसं हाये याचं."

"आपल्याले काय करायचं," शेषराव म्हणाला. हे त्याचं आयुष्यभराचं उत्तर होतं. मोटेच्या बैलांशी तो याहून जास्त बोले.

"वांगे आपले फुटतेत म्हनून करायचं."

पण वांग्यांहून मोठं संकट पुढे होतं. ते तिला खुशालरावांच्या बंगल्यावर कळलं. त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंना ती रोज देवाची फुलं आणि भाजी पोचवी. वच्छलाबाई चांगल्या स्वभावाच्या, नवऱ्याला पुरत्या ओळखून असलेल्या. त्या दिवशी त्यांनी फुलं ओंजळीत घेतली आणि आत गेल्याच नाहीत.

"माणिकबाई, तुमच्या मळ्यावर आमच्याकडच्यांचा डोळा आहे," त्या म्हणाल्या. "क्लबाला सरावाची जागा हवी म्हणतात. सपाट, दोनशे पावलं लांब, पाणी जवळ. आता ते कमिटीत आहेत ना. नाताळाचा सामना झाला की कमिटी बसेल नि ठराव होईल."

"न् आमी?"

"तुम्हाला ब्राऊन झाडायचा पगार लावतील म्हणे."

माणिकबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. पगार म्हणजे दुसऱ्याच्या हातचं. मळा म्हणजे आपल्या हातचं. सतरा वर्षं मुरमात शेणखत कालवून तिनं ती माती केली होती. मूठ दाबली तर आता तिचा लाडू वळे. आणि त्यावर हा माणूस धूळ उडवणार, कारण त्याला अकोल्याच्या व्यापाऱ्यानं नाग आहे का विचारलं.

घरी परत येता येता तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. याला जागा लागतच नाही. ही गोष्ट साऱ्या क्लबात तिला एकटीला ठाऊक होती, कारण ती एकटीच रोज सकाळी वाळू वाचत होती.

दुसऱ्या दिवशी खुशालराव आले तेव्हा आठ ब्राऊन झाडलेले होते आणि पाचवा तसाच होता. माणिकबाई झाडू उभा धरून बाजूला उभी.

"ए माळीण, हा झाडला नाहीस अजून?"

"मुद्दाम ठेवला जी. आधी पंचनामा करून घ्या, मंग झाडतो."

"कसला पंचनामा?"

"कालचा. तुमी मॅजिस्ट्रेट हाये. चोरी कोठी झाली ते पाहान का नाई?"

खुशालरावांना राग यायचा होता, पण पंचनामा या शब्दाला ते सवयीनं थांबले. माणिकबाईनं झाडूच्या दांड्यानं दाखवायला सुरुवात केली. ती ब्राऊनवर पाय ठेवत नव्हती. कडेकडेनं फिरत होती, जशी रोपांच्या वाफ्याकडेनं फिरे.

"हा तुमचा जोडा. डावी टाच झिजेल हाये, पाहा. अथून चेंडू निंगाला, भोकाच्या खालच्या अंगानं गेला. अथून दुसरा. तोही खालूनच. अथी तुमी पाय आपटला. हा तिसरा, पुन्हा खालून. चवथा आत पडला. त्या कडूलिंबापासून अथलोक याले तुमाले तीन फटके लागले न् या आठ पावलांत चार. आता सांगा, चोर कोठी बसला हाये? तथी मैदानात, का अथी?"

खुशालराव वाळूकडे बघत राहिले. खुणा इतक्या स्वच्छ होत्या की आरोपीला वकील देऊनही सुटका नव्हती.

"तू मला खेळ शिकवणार?" ते अखेर म्हणाले.

"मले खेळ कोठी येते जी. मले उतार येते." तिनं कमरेवरच्या तांब्यातलं पाणी ब्राऊनच्या वरच्या कडेला ओतलं. तेलकट वाळूवर पाणी जिरलं नाही. धार झाली, भोकाला वळसा घालून विहिरीकडे निघाली. "तुमाले हा सपाट दिसते. पान्याले कोनाची भीड नसते. पानी जथून वाकलं तथूनच चेंडू वाकन. वाफ्याले पानी देनाऱ्याले हे दिसते. तुमच्या वडलाले दिसलं असतं."

ते शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. खुशालरावांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे दुसऱ्या कुणाला दाखवलंस?"

"अजून नाई," माणिकबाई म्हणाली.

त्या 'अजून'नं काम केलं. तिनं लगेच सौदा मांडला. मळ्यात तुरीच्या ओळींच्या आड, विहिरीपाशी, एक वाफा मोडून ती तिथे छोटा ब्राऊन करून देईल. बाहेरून कुणाला दिसणार नाही. नाताळापर्यंत साहेबांनी तिथे ती म्हणेल तसा हात बसवायचा. फरक नाही पडला, तर ती स्वतः वांगी उपटून जागा मोकळी करून देईल. पडला, तर मळ्याचं नाव काढायचं नाही.

"बरं," खुशालराव म्हणाले, "बघू." मॅजिस्ट्रेट लोक हो कधी म्हणत नाहीत.

सात आठवडे ते चाललं. माणिकबाईची रीत रोपं लावायच्या रीतीसारखी होती, कारण दुसरी तिला ठाऊक नव्हती. बारा चेंडू भोकाभोवती एकेका पावलावर गोल मांडायचे. बारा आत गेले की दोन पावलांवर. एक जरी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी खुशालराव पाऊण तासात एका पावलाच्या पुढे सरकले नाहीत. अकराव्यापर्यंत जायचे आणि बारावा चुकायचा.

"हे काय गोट्या खेळणं चाललंय," ते चिडून म्हणाले. "मर्दाचा खेळ म्हणजे लांब मारणं."

"लांब मारा नं. पन मर्दानं गोटी त आत टाकाव," माणिकबाई दांडातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवत म्हणाली.

त्यांची मोठी खोड म्हणजे चेंडू काठीला लागायच्या आधीच मान वर. कुठे गेला ते बघायची घाई. माणिकबाईनं दोन दिवस ते पाहिलं.

"रावसाहेब, मिरचीचं रोप लावल्यावर उपटून पाह्यता का, धरलं का नाई म्हनून?"

"म्हणजे?"

"मान खाली ठिवा. चेंडू भोकात पडला का आवाज येते. डोयानं नोका पाहू, कानानं ऐका."

लांबच्या फटक्यांचे दोनशे तिनं दहावर आणले. तेही एकाच काठीनं नाही. दर वेळी वेगळी काठी. आणि मारायच्या आधी मोठ्यानं सांगायचं, कुठे: बाभळीकडे, बुजगावण्याकडे, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याकडे. नाव न घेता मारलेला चेंडू ती टोपलीत उचलतच नसे. खुशालरावांना स्वतः वांग्यात शिरून काढावा लागे, मोज्यांना काटे लागत. आठवड्याभरात ते नाव घ्यायला शिकले. "बुजगावणं," असं गंभीरपणे जाहीर करून दोनशे एकरांचा धनी काठी उचली, आणि तुरीआड शेषराव बैलांच्या कानात काहीतरी बोले. त्याचे खांदे हलताना दिसत.

डिसेंबरातल्या एका सकाळी बाराही चेंडू तीन पावलांवरून आत गेले. खुशालराव भान विसरले. "माणिकबाई, पाह्यलं का? सारेच्या सारे गेले न वो," असं त्यांच्या तोंडून निघालं. क्षणभर तिथे त्या टोपीखाली तिफण धरणाऱ्या बापाचा पोर उभा होता, आणि माणिकबाईला तो चक्क बरा वाटला. तेवढ्यात पलीकडून कुणाच्या तरी मोटारीचा भोंगा वाजला. त्यांनी टोपी सारखी केली. "हं. झाडून घे इथलं," ते शुद्ध मराठीत म्हणाले.

तिच्या नाकाचा शेंडा पुन्हा वर गेला.

नाताळात मंडळी बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेली. तिथे काय झालं ते माणिकबाईला वच्छलाबाईंकडून कळलं. खेळ सुरू व्हायच्या आधी खुशालरावांनी पेलाभर पाणी मागवलं, दोन घोट घेतले आणि उरलेलं अकोल्याच्या पहिल्या ब्राऊनच्या कडेला हळूच ओतून वाकून बघत बसले. अकोलेकरांना वाटलं, साहेब पितरांना पाणी देतायत. दुपारपर्यंत ते हसायचे थांबले. खुशालरावांनी साऱ्या दिवसात एकाही भोकापाशी दोनाहून जास्त फटके घेतले नाहीत. नाग विचारणारा व्यापारी शेवटच्या ब्राऊनवर स्वतःच चार वेळा चुकला. सामना अमरावतीनं जिंकला आणि खुशालरावांचा आकडा चोवीसावरून सतरावर आला.

"मंग काय," माणिकबाई म्हणाली, "झालं नं काम."

वच्छलाबाई फुलं निवडत राहिल्या. वर न बघता म्हणाल्या, "रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी विचारलं, रावसाहेब, जादू काय केली? तर म्हणाले, विलायती पुस्तक, आणि विहिरीजवळ मी स्वतः तयार करून घेतलेली सरावाची जागा. झालं. सगळे म्हणायला लागले, मग ती जागा सगळ्यांनाच हवी. सेक्रेटरी साहेब म्हणाला, रविवारी जागा बघू, मोजू, ठराव करू."

"न् हे काय म्हनले?"

"हे काही म्हणाले नाहीत." वच्छलाबाईंनी आता वर पाहिलं. "मी विचारलं त्यांना, त्या बाईला शब्द दिला होता ना? तर म्हणे, बघू म्हटलं होतं."

माणिकबाईला फसवणुकीचं फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते या माणसाच्या लहानपणाचं. एवढी जमीन, एवढी पदवी, आणि एक आकडा खाली आला त्यातलं चिमूटभर श्रेय एका माळणीला द्यावं लागेल म्हणून तिचा मळा जाऊ द्यायला तयार. मेलं श्रेय; त्याची भाजी होत नाही की चटणी.

घरी शेषराव म्हणाला, "मी म्हनलो होतो, आपल्याले काय करायचं."

"म्हनून झालं असन त मोट जुंपा," ती म्हणाली. "पत्ताकोबी सुकून राह्यली."

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे खुशालराव उजाडताच येऊन सराव करून गेले. तिच्याकडे बघितलं नाही. ती मात्र रोजच्यासारखी भोकाजवळ जाऊन उभी राहिली, दोनदा उतार बोटानं दाखवला. ते गेल्यावर तिनं झाडू हातात घेतला, वाफ्याएवढ्या त्या ब्राऊनकडे पाहिलं, आणि झाडू तुरीला टेकवून ठेवला. सतरा वर्षांत न झाडता सोडलेला हा तिचा दुसरा ब्राऊन.

नऊ वाजता कमिटी आली. सेक्रेटरी साहेब पुढे, त्याच्यामागे खुशालराव धरून चारजण, आणि एका शिपायाच्या हातात मोजायची साखळी. साहेबाला हिंदुस्थानी येई आणि वऱ्हाडी कळे, रस्ते बांधायच्या खात्यात माणूस ते शिकतोच.

"रावसाहब, आपका ग्राउंड किधर है?"

खुशालरावांनी काठी उचलून सगळ्या मळ्यावरून एक मोघम गोल फिरवला. साखळीवाला वांग्यांकडे निघाला.

"तथी कोठी चालले जी?" माणिकबाई तुरीच्या ओळीतून बाहेर आली. "रावसाहेबांची जागा अथी हाये."

मंडळी तुरीआड आली आणि थांबली. समोर आठ पावलांचा एक गोल. मधे भोक. भोकाभोवती चेंडूंच्या रेघा अशा, जशा चाकाच्या आऱ्या. डावी टाच झिजलेले जोडे. आणि भोकाच्या अगदी जवळ, दोन जागी, अनवाणी पावलं.

सेक्रेटरी साहेब खाली वाकला. "ये नंगा पाँव किसका है?"

सगळ्यांनी खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं. हिवाळ्याच्या सकाळी कपाळावर घाम होता. एका वाक्यात माणिकबाई त्यांना पुन्हा चोवीसावर नेऊन ठेवू शकली असती, त्यांना ते कळत होतं, आणि त्यांना ते कळतंय हे तिला. तिनं त्यांना तीन-चार श्वास तसंच उभं ठेवलं. तेवढं तर तिचं होतंच.

"माह्ये हाये जी," ती म्हणाली. "मी झाडाले येतो नं." मग पदर सारखा करून, अगदी भोळ्या तोंडानं पुढे बोलली, "रावसाहेबांनीच शिकवलं मले. म्हने, माणिकबाई, मोठी जागा देली का मानूस नुसता जोर करते, शिकत काई नाई. फटके वाया जातेत ते भोकाजवळ. आठ पावलं पुरे, याहून मोठी जागा मांगते तो कच्चं लिंबू. लांब माराचं असन त नऊ भोकाचं मैदान पडलंच हाये. असंच म्हनले होते नं जी?"

कमिटीतले दोघं, जे कालपर्यंत दोनशे पावलांसाठी आग्रह धरून होते, ते एकदम आपापल्या जोड्यांकडे बघू लागले. कच्चं लिंबू व्हायची कुणाचीच तयारी नव्हती. साहेबानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं कौतुक होतं.

"आपने ऐसा बोला?"

खुशालरावांनी माणिकबाईकडे पाहिलं. ती तांब्यातलं पाणी ब्राऊनच्या कडेला ओतत होती, सवयीनं.

"हो," ते म्हणाले. "माझं मत पहिल्यापासून तेच आहे."

"तर मंग तेवढं कागदावर लिवा जी," माणिकबाई म्हणाली. "वाफा क्लबाचा, बाकी मळा माळ्याचा. उद्या नवा साहेब आला त रावसाहेबांचं म्हननं इसरून जाईन."

साहेबाला ते वाजवी वाटलं. ठरावात तसंच लिहिलं गेलं, सूचक म्हणून खुशालरावांचं नाव घालून. सतरा वर्षांनी मळ्याला कागद झाला. तो कागद माणिकबाईनं बियाण्याच्या मडक्यात ठेवला, वांग्याच्या बियांवर.

मग क्लबातले लोक एकेक करून वाफ्यावर येऊ लागले. डॉक्टर आले, वकील आले, एकदा तर सेक्रेटरी साहेबच आला. माणिकबाई सगळ्यांना सांगे, रावसाहेबांची पद्धत अशी आहे जी, बारा चेंडू. मान खाली ठेवायची, हेही रावसाहेबच म्हणतात. खुशालराव मात्र येईनासे झाले. सतरावरच्या माणसाला वाफ्याची गरज नसते. मैदानात सगळ्यांसमोर उभं राहून ते पुन्हा मोठी काठी घेऊन मारू लागले, आधी पन्नास, मग शंभर, मग पुस्तकाप्रमाणे दोनशे. संक्रांतीला आकडा अठरा झाला. होळीला एकवीस. पाचव्या ब्राऊनवर सकाळी झिजल्या टाचेच्या खुणा पुन्हा भोकाच्या खालून जाऊ लागल्या. माणिकबाई त्या वाचायची, झाडायची, आणि कुणाला सांगायची नाही. सांगण्यासारखं त्यात नवीन काही नव्हतं.

चैत्रात एका सकाळी ती भेदऱ्याला पाणी देत होती. तुरी केव्हाच कापून झाल्या होत्या, आड काही उरलं नव्हतं. बांधावर कोण उभं आहे ते लांबूनच दिसलं. टोपी हातात, छोटी काठी काखेत. मोजे नव्हते.

"माणिकबाई," खुशालराव म्हणाले. कुणाच्याही मोटारीचा भोंगा वाजला नाही तरी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "वाफा मोकळा आहे का?"

तिनं दांडात माती लोटून पाण्याची वाट बदलली. पाणी पुढच्या ओळीत वळेपर्यंत ती वाकूनच होती.

"हाये नं जी," ती म्हणाली. "पन थांबा थोडं. अजून चार ओळी भिजाच्या हायेत."

खुशालराव बांधावर टेकले आणि थांबले.